गणपती उठल्यापासून घटस्थापनेपर्यंत: सरत्या उन्हाळ्याची जपानी गाणी हवी आहेत

नववी_गल्ली

जपानी भाषेच्या वर्गाचा छोटा कार्यक्रम आहे, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी, कोल्हापुरातच. गाण्यांना ४५ मिनिटं मिळाली आहेत. विषय ठरलाय ‘सरता उन्हाळा, येणारा शरद’. गायला एक मुलगी आणि एक मुलगा, साथीला पेटी, गिटार आणि काहोन (खोक्यासारखं तालवाद्य). ऐकायला साधारण ६० जण, त्यातले निम्मे पालक, म्हणजे जपानीचा गंध नसलेले.

आतापर्यंत जमलेली यादी: मायोनाका नो दोआ, प्लास्टिक लव्ह, हानामिझुकी, नात्सुमात्सुरी, मारिगोल्ड. सगळ्यांना आवडतात एवढाच निकष लावलाय.

आपल्याकडे उन्हाळा पहिल्या वळवाबरोबर मोडतो आणि सप्टेंबरात पाऊस ओसरत असतो. मग ‘उन्हाळा संपल्याची हुरहूर’ पालकांना कशी सांगायची? यादीतलं काय काढू, काय घालू, क्रम कसा लावू? आणि शब्द देवनागरीत लिहून दिले तर चालतील का? रोमन अक्षरं वाचून मुलं ‘शौनेन’ म्हणायला लागली आहेत.

तांबडा_पांढरा

आधी कात्री. मायोनाका नो दोआच्या शब्दांत चक्क दुसरा हिवाळा आलाय, ते गाणं सप्टेंबरात लावणं म्हणजे कोजागिरीला होळीचं गाणं. प्लास्टिक लव्हमध्ये ऋतूच नाही. हानामिझुकी हे झाडाचं नाव, आणि ते झाड वसंतात फुलतं. नात्सुमात्सुरी (मूळ १९९० चं, व्हाइटबेरीने २००० मध्ये पुन्हा गाजवलेलं) चालेल, पण ते ऐन उन्हाळ्यातल्या जत्रेचं आहे. मारिगोल्डवर नंतर येतो.

निवेदनाचं म्हणाल तर त्यांचं पंचांग समजून घ्या, म्हणजे गाण्यांचा क्रम आपोआप लागतो. तिथे शरद ७-८ ऑगस्टलाच सुरू होतो, त्या दिवसाला रिश्शू म्हणतात. त्या दिवसापासून उन्हाळ्यात धाडायच्या पत्रांचं नावसुद्धा बदलतं: शोच्यू-मिमाई जाऊन झान्शो-मिमाई येतं. झान्शो म्हणजे उरलेला उकाडा. घाम तसाच, पंचांग मात्र पुढे गेलेलं. मग साधारण १३ ते १६ ऑगस्टला ओबोन, पूर्वज घरी येऊन परत जातात. शाळेची सुट्टी बहुतेक ठिकाणी परंपरेने ३१ ऑगस्टला संपते. सप्टेंबरात वादळं आणि पाऊस, २२-२३ तारखेला शरद-संपात (दिवस-रात्र सारखे), त्याच्या आगेमागे कबरींवर जायचा आठवडा. म्हणजे आपला पितृपक्ष ज्या दिवसांत येतो, साधारण तेच दिवस.

हुरहूर उकाडा गेल्याची नसते, सुट्टी आणि माणसं गेल्याची असते. म्हणून निवेदनात मे महिना आणूच नका. गणपती उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडव सोडवलेल्या जागी बांबूचे खड्डे, थोडा गुलाल आणि रिकामा रस्ता दिसतो, तेवढं एक वाक्य बोला. कोल्हापुरात पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आता गाणी. सुरुवात ‘उचिआगे हानाबी’ने करा (ऑगस्ट २०१७, योनेझु केनशीने लिहिलेलं, दाओको आणि तो मिळून गातात). एक मुलगी, एक मुलगा एवढेच गायक असतील तर याहून सोयीचं गाणं नाही. आतषबाजी हा तिथे जुलै-ऑगस्टचा विषय, त्यामुळे उन्हाळ्याचं शेवटचं टोक इथे धरता येतं.

लगेच फुजीफॅब्रिक या बँडचं ‘वाकामोनो नो सुबेते’. माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात नेमकं गाणं हेच. पहिल्याच ओळीत टीव्हीवरचा हवामानवाला सांगतो की उन्हाळ्याचा जोर ओसरला. मग संध्याकाळी पाचची घंटा, आणि यंदाची शेवटची आतषबाजी. एवढाच ऐवज. पाचची घंटा म्हणजे गावात भोंग्यावर वाजणारी धून, मुलांनो घरी जा सांगणारी. गीतकार-गायक शिमुरा मासाहिको फुजीच्या पायथ्याच्या फुजीयोशिदा गावचा. तो २००९ मध्ये गेला, आणि पुढे त्याच्या गावाने संध्याकाळच्या भोंग्यावर याच गाण्याची धून वाजवली. निवेदनात हे नक्की सांगा. गंमत म्हणजे उन्हाळा संपल्याचं हे गाणं बाजारात आलं नोव्हेंबर २००७ मध्ये.

तिसरं इनोउए योसुईचं ‘शोनेन जिदाई’, १९९०. यात ‘काझेआझामी’ असा शब्द येतो. मुलं शब्दकोशात शोधतील आणि सापडणार नाही. तो कवीने बनवलेला आहे: काझे म्हणजे वारा, आझामी हे काटेरी फुलझाड. भाषांतराच्या पत्रकात ‘रानफुलाचं नाव’ असं ठोकून देऊ नका, ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते.

मग सप्टेंबरची दोन गाणी, दोन्ही मात्सुमोतो ताकाशीच्या लेखणीतली. ओता हिरोमीचं ‘कुगात्सु नो आमे’ (१९७७) म्हणजे सप्टेंबरचा पाऊस, गाडीच्या वायपरपलीकडून दिसणारं शहर. ताकेउची मारियाचं ‘सप्टेंबर’ (१९७९) वरवर उडतं वाटतं, पण आतली गोष्ट बोचरी आहे: मोहरीच्या रंगाचा शर्ट घातलेल्या त्याच्या मागोमाग ती आगगाडीत चढते, आणि उसना घेतलेला शब्दकोश परत करायचा म्हणते, त्यातला ‘लव्ह’ हा एक शब्द कातरून. पालकांना ही एक खूण आधी सांगितली की बाकीचं गाणं त्यांना आपोआप कळतं.

शेवटी ऑफकोर्स या बँडचं ‘आकी नो केहाई’, म्हणजे शरदाची चाहूल, आणि यामागुची मोमोएचं ‘कोसुमोसु’. दोन्ही १९७७ चीच. पहिल्यात योकोहामाच्या बंदरावरची टेकडीवरची बाग आहे, आणि नातं संपलंय हे तिच्याआधी त्याला कळलंय. दुसरं सादा मासाशीने लिहिलेलं, उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी आणि जुने फोटो काढून बसलेली आई. पालकांपैकी कुणाचे डोळे कोरडे राहिले तर कळवा.

मारिगोल्ड (आइम्योन, ऑगस्ट २०१८) वाईट नाही. पण आपल्याकडे मारिगोल्ड म्हणजे झेंडू, आणि झेंडू म्हणजे दसऱ्याचं तोरण. गाण्यात मात्र उन्हाळी गवताची टोपी घातलेली मुलगी वाऱ्यात डुलणाऱ्या त्या फुलासारखी दिसते, एवढंच आहे. तोरण मनात आलं की उपमा बसत नाही. ठेवायचंच असेल तर पहिल्या दोनांत ठेवा.

प्राजक्त_सडा

वरच्याशी बहुतेक सहमत, दोन ठिकाणी नाही.

एक, शरदाचा वासच राहून गेला. जपानात सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत किंमोकुसे फुलतं. बारीक केशरी फुलं, गोड वास, झाड दिसायच्या आधी नाकाला कळतं, आणि दोन-चार दिवसांत खाली केशरी सडा. त्यावर फुजीफॅब्रिकचंच ‘आकाकीइरो नो किंमोकुसे’ आहे, २९ सप्टेंबर २००४ चं. त्यांनी चार ऋतूंची चार गाणी एकापाठोपाठ काढली होती, त्यातलं हे शरदाचं. पालकांना ‘प्राजक्तासारखं’ म्हणून सांगा. ही नुसती काव्यमय तुलना नाही. प्राजक्त आणि किंमोकुसे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले, मोगऱ्या-जाईच्या. आणि आपला प्राजक्तही याच दिवसांत अंगणात पडतो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ओंजळभर वेचून ताटलीत ठेवा, निवेदनाची चार वाक्यं वाचतात.

दुसरं, ‘कोसुमोसु’वर माझा आक्षेप आहे. त्यात ‘कोहारुबियोरी’ शब्द येतो. शब्दशः ‘छोट्या वसंतासारखी हवा’, पण प्रत्यक्षात तो नोव्हेंबरच्या सुमाराचा उबदार दिवस, थंडीच्या तोंडावरचा. म्हणजे तुमच्या विषयाच्या हद्दीबाहेर. जपानी येणारा कुणी श्रोत्यांत असेल तर तो नेमकं हेच काढेल.

चंद्र हवा असेल तर त्याचीही सोय आहे. त्सुकिमी, म्हणजे चांद्रवर्षाच्या आठव्या महिन्यातली पौर्णिमा बघणं, ७-८ सप्टेंबर ते ७-८ ऑक्टोबरच्या दरम्यान कधीही येतं. कधी ती आपली भाद्रपदी पौर्णिमा असते, कधी थेट कोजागिरी. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री होत्या.

गाण्यांच्या मध्ये आवाज लावणार असाल तर किडा बघून लावा. मिनमिन सिकाडा (झाडावर किर्र करणारा किडा) म्हणजे भर उन्हाळा. हिगुराशी आणि त्सुकुत्सुकुबोशी हे सिकाडा म्हणजे सरता उन्हाळा. सुझुमुशी, आपल्या रातकिड्याचा भाऊ, म्हणजे शरद. पहिल्या गाण्याआधी १० सेकंद हिगुराशी, सप्टेंबरच्या गाण्यांनंतर १० सेकंद सुझुमुशी. उलटं केलंत तर ऋतू मागे जातो.

तांबडा_पांढरा

कोहारुबियोरीचा मुद्दा बरोबर, पण कॉसमॉसचं फूल तिथे सप्टेंबरपासूनच दिसतं. शेवटचं गाणं हद्दीच्या एक पाऊल बाहेर गेलेलं मला चालतं, पुढचा ऋतू तिथून दिसतो. निवेदनात ‘आता नोव्हेंबर’ म्हणा आणि गा.

काळी_चार

संगीताच्या अंगाने लिहितो, कारण अशा कार्यक्रमाची खरी माती सुरात होते.

इंटरनेटवरच्या जपानी कॉर्डच्या पानांवर वर ‘कापो ३, प्ले सी’ असं लिहिलेलं असतं. गिटारवाला तिसऱ्या खान्यात कापो (दांडीवरचा चिमटा) लावून सीचे आकार वाजवतो, म्हणजे प्रत्यक्षात सूर निघतो काळी दोनचा. पेटीवाला मात्र कागदावर सी बघून पांढरी एक धरतो. दोघं आपापल्या जागी बरोबर, ऐकणाऱ्याला मात्र दीड स्वराचं भांडण. म्हणून कागदावर कॉर्डच्या शेजारी मोठ्या अक्षरात खरी पट्टी लिहा: ‘पेटी: काळी दोन’. कापोचा प्रत्येक खाना म्हणजे अर्धा स्वर: पांढरी एकपासून मोजा, कापो १ काळी एक, २ पांढरी दोन, ३ काळी दोन, ४ पांढरी तीन, ५ पांढरी चार.

ट्रॅकवर (आधीच वाजवून ठेवलेल्या साथीवर) गाणार असाल तर पट्टी वर-खाली करताना तीन अर्ध्या स्वरांच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे ट्रॅकचा आवाज पिपाणीसारखा किंवा घोगरा होतो. ‘आकी नो केहाई’ला हे आधीच बघा. ऑफकोर्सचा गायक ओदा काझुमासा याचा आवाज पुरुषी गळ्याच्या मानाने फार उंच आहे, सामान्य मुलाला ते मूळ पट्टीत झेपत नाही. तिथे ट्रॅक सोडा, गिटारवर तीन-चार अर्धे स्वर खाली घ्या.

रचना समजून घ्या. जपानी पॉपमध्ये आधी ए-मेलो (पहिली चाल), मग बी-मेलो (दुसरी चाल), मग साबी. साबी म्हणजे ज्याची लोक वाट बघतात तो भाग. आपल्यासारखं ध्रुवपद आधी येऊन कडव्यानंतर परत येत नाही. त्यामुळे गाणं छाटायचं असेल तर ‘मुखडा आणि एक अंतरा’ या हिशेबाने कापू नका, साबी हाती लागणारच नाही. एक ए, एक बी, एक साबी, थांबा. दीड ते दोन मिनिटं होतात. अॅनिमेच्या (जपानी कार्टून मालिकेच्या) सुरुवातीचं गाणं ९० सेकंदांत बसवतात ते याच कापाने.

बऱ्याच गाण्यांत शेवटची साबी अर्धा किंवा एक स्वर वर चढते. पेटीवाल्याला हे गाण्यात कळलं तर उशीर झाला. ऐकताना चढाव आला की त्या ओळीवर लाल पेनने बाण.

जपानी पॉपमध्ये कॉर्डची एक साखळी पुन्हापुन्हा भेटते, तिला तिकडे ‘ओदो शिंको’, राजमार्ग म्हणतात. पांढरी एकमध्ये एफ, जी, ई मायनर, ए मायनर. पेटीवाल्याने आठवडाभर एवढीच फिरवली तरी निम्म्या साबी कानाला ओळखीच्या लागतील.

मधल्या विश्रांतीला ‘आका तोम्बो’ (लाल चतुर, चाल यामादा कोसाकूची, १९२७) नुसतं पेटीवर वाजवा. चाल पूर्ण भूपात आहे, म आणि नि नाहीत. सुरुवात: मंद्र प, मग सा सा रे ग प, वरचा सा, ध प. तीन मात्रांचा डोल आहे, काहोनला गप्प बसवा. पालकांना इथे भाषा आडवी येत नाही, भूप कानाला पाठ असतो.

आता उच्चार. देवनागरी रोमनपेक्षा किती तरी बरी, आणि त्यातही मराठी. जपानी ‘त्सु’ इंग्रजीवाल्यांना जमत नाही, आपल्याला ‘चूल’मधला चू आखूड म्हटला की झाला. ‘झु’साठी ‘जुना’मधला जु. हिंदीवाला तिथे ‘जुलूस’चा जु म्हणतो आणि फसतो. ‘आमे’मधला ए पूर्ण म्हणा. ‘फु’ म्हणताना खालचा ओठ दातांना लावू नका, दिवा विझवताना फुंकतो तसा.

लांबीचा घोळ सगळ्यात जास्त. रोमन ‘ou’ म्हणजे औ नव्हे, लांब ओ. ‘शोनेन’ला चार मात्रा: शो, ओ, ने, न्. तसंच ‘ei’ म्हणजे बहुतेक वेळा लांब ए: किंमोकुसे-ए, ‘साय’ नाही. शेवटच्या ‘न्’लाही स्वतःची पूर्ण मात्रा असते, तो मागच्या अक्षराला चिकटवला की गाणं एका मात्रेने आधी संपतं आणि गायक बावरून साथीदाराकडे बघायला लागतो. तो ‘न्’ अनुस्वाराने लिहिला तर आपोआप बरोबर म्हटला जातो, कारण आंब्यात म् आणि अंगणात ङ् आपण न शिकता म्हणतोच. ‘उचिआगे हानाबी’ची साबी ‘पात्तो’ने सुरू होते, तिथला त्त ‘पत्ता’सारखा अडवून म्हणा. सरळ ‘पातो’ म्हटलं तर आतषबाजी फुसकी.

आणि लिप्यंतर यंत्राकडून करून घेतलं असेल तर एक गोष्ट हाताने तपासा. विषय दाखवणारा प्रत्यय लिहिताना ‘हा’ लिहितात, म्हणतात ‘वा’. दिशा दाखवणारा ‘हे’ लिहितात, म्हणतात ‘ए’. यंत्रं इथे हमखास चुकतात आणि मुलगी संपूर्ण गाणं ‘वाताशी हा’ म्हणत राहते.

नववी_गल्ली

खूपच कामाचं, सगळ्यांचे आभार. मारिगोल्ड काढलं. पण वर्गातली मुलं झोन या बँडच्या ‘सिक्रेट बेस’साठी हट्ट धरून बसली आहेत, आणि किंमोकुसे मलाही मोहात पाडतंय. ४५ मिनिटांत बसवू कसं? दुसरं, गाण्यांचे शब्द छापून वाटले तर चालतात का?

तांबडा_पांढरा

सिक्रेट बेसचा हट्ट रास्त आहे. ८ ऑगस्ट २००१ चं गाणं, २०११ मध्ये अॅनिमेतून पुन्हा वर आलं. त्यात दहा वर्षांनंतरच्या ऑगस्टात परत भेटायचं वचन आहे आणि ते पुनरागमन बरोबर दहा वर्षांनी झालं, पोरांना तेच वेड आहे. एकच साबीपर्यंत गा.

हिशेब: पूर्ण गाण्याला निवेदन आणि माईकची सरकवासरकव धरून साडेपाच मिनिटं. वरची सात गाणी म्हणजे साडेअडतीस. सिक्रेट बेस दोन, आका तोम्बो दीड. झाली ४२. उरलेली तीन मिनिटं मोकळीच ठेवा, पेटी हलवताना जातात. किंमोकुसे हवं असेल तर ‘सप्टेंबर’ आणि ‘कुगात्सु नो आमे’ यांतलं एक सोडा, दोघांचा गीतकार एकच आहे, तेवढं नुकसान सोसेल. आणि किंमोकुसे गिटारवरच ठेवा, त्याचा वेग पेटीच्या भात्याला मानवत नाही.

दसरा_चौकात

शब्दांचं: पूर्ण गीत छापून वाटू नका, ती वेगळी परवानगी असते. प्रत्येक गाण्याचा चार ओळींचा मराठी सारांश आणि तीन-चार शब्दांचे अर्थ पुरेत. लोक तसेही तेच वाचतात. सादरीकरणाबाबत, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, श्रोते विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित असतील तर. तिकीट लावलंत, बाहेरच्यांना बोलावलंत किंवा खासगी क्लास ‘शिक्षणसंस्था’ धरायचा का हा प्रश्न आला, तर आधी विचारून परवाना घ्या. चित्रीकरण यूट्यूबवर टाकणं हा पूर्ण वेगळा विषय, त्याला ही सूट लागू नाही.

काळी_चार

एक राहिलं. हॉलला पत्रा आहे की स्लॅब? सप्टेंबर अखेरीला संध्याकाळी सर आली तर पत्र्याखाली ‘आकी नो केहाई’चं एकेक तार छेडून वाजवणं दुसऱ्या रांगेतही पोचत नाही. पत्रा असेल तर गिटारला पिकअप किंवा साउंडहोलसमोर वीतभर अंतरावर माईक हवा, आणि पेटीचा माईक भात्याकडे न ठेवता सुरांच्या बाजूला. दमट हवेत तारा उतरतात, म्हणून दर दोन गाण्यांनी ट्यूनर बघा, निवेदन चालू असताना. आणि सर आलीच, तर यादी तिथेच मोडा आणि ‘कुगात्सु नो आमे’ पुढे घ्या.

नववी_गल्ली

पत्राच आहे.